जीवायएस2 उडवूनही हेपजी2 मध्ये ग्लायकोजेन तेवढंच का राहतं?

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या लॅबमध्ये हेपजी2 या यकृताच्या पेशींत क्रिस्परने (जीन कापायचं तंत्र) जीवायएस2 हा जीन नॉकआउट केला, म्हणजे बंद पाडला, सिक्वेन्सिंगमध्ये जीन मोडलेला दिसतो, पण वेस्टर्न ब्लॉटला (अँटिबॉडीने प्रोटीन शोधायची चाचणी) त्या प्रोटीनचा बँड येतोच आणि ग्लायकोजेनही (पेशीतला ग्लुकोजचा साठा) मूळ पेशींइतकंच भरतं.

क्रिस्पर बहुतेक नीटच झालंय, जीन निवडताना गफलत झाली असावी. जीवायएस2 हा यकृताचा ग्लायकोजेन सिंथेस, म्हणजे ग्लायकोजेन बनवणारं एन्झाइम, हे बरोबर. पण हेपजी2 ही ट्यूमरमधून आलेली सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या पेशी). अशा पेशींत एन्झाइमांचे यकृतातले प्रकार (आयसोफॉर्म) मंदावतात आणि स्नायूंतला जीवायएस1 गाडा ओढतो. ग्लायकोजेन तोडणाऱ्या फॉस्फोरिलेसचंही तेच, यकृतातला पीवायजीएल काढला तरी मेंदूतला प्रकार पीवायजीबी ग्लायकोजेन तोडत राहू शकतो. म्हणून गाइड (क्रिस्परला कापायची जागा दाखवणारा आरएनए) मागवण्याआधी मूळ पेशींवर क्यूपीसीआर करा, म्हणजे कोणता जीन किती चालू आहे ते मोजा: जीवायएस1, जीवायएस2, पीवायजीएल, पीवायजीबी आणि सोबत ग्लुकोकायनेज. जीवायएस1 वरचढ निघाला तर दोन्ही सिंथेस उडवा आणि मग जीवायएस2 एकटाच परत घाला. टाइप 0 आजाराचे (जीवायएस2 बिघडल्याने होणारा ग्लायकोजेनचा आजार) म्युटेशन तपासायला याहून स्वच्छ पेशी मिळणार नाही.

बँडचं कोडंही इथेच सुटेल. दोन्ही प्रोटीनांत बरंच साम्य आहे आणि वजनं 80 ते 85 किलोडाल्टनच्या आसपास, त्यामुळे बऱ्याच अँटिबॉडी दोघांनाही धरतात. डबल नॉकआउटचा (दोन्ही जीन उडवलेल्या पेशींचा) लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा अर्क, शेजारच्या लेनमध्ये चालवल्याशिवाय त्या बँडवर विश्वास ठेवू नका.

क्लोनबद्दल (एकाच पेशीपासून वाढवलेली वसाहत): या पेशी गुच्छ करून वाढतात, त्यामुळे ‘एका पेशीचा’ क्लोन अनेकदा दोघींचा निघतो. ट्रिप्सिनने पेशी सुट्या केल्यावर 40 मायक्रॉनच्या गाळणीतून काढा आणि वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) एकच पेशी आहे हे दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी बघा. काही क्रोमोसोमच्या दोनहून जास्त प्रती असतात, म्हणून सँगर सिक्वेन्सिंगचा गोंधळलेला ट्रेस बघून ‘होमोझायगस’ (सगळ्या प्रतींत सारखाच बदल) लिहू नका. तीन बेसची डिलिशन (डीएनएची तीन अक्षरं गळणं) असेल तर पुढचा वाचनक्रम बिघडत नाही आणि प्रोटीन चालू राहू शकतं. कंट्रोल म्हणून नॉन-टार्गेटिंग (कुठलाही जीन न कापणाऱ्या) गाइडचे, त्याच रीतीने क्लोन केलेले किमान 3 घ्या. नुसती मूळ लाइन पुरत नाही, कारण ग्लायकोजेन क्लोनागणिक बदलतं.

ग्लायकोजेनच्या मोजणीत सगळ्यात जास्त चुका होतात. आधी ग्लुकोजविरहित माध्यमात रात्रभर उपास. सीरम डायलाइझ केलेलंच (लहान रेणू गाळून काढलेलं) हवं, साध्या सीरममध्ये ग्लुकोज असतं. मग 25 मिलिमोलर ग्लुकोज आणि 100 नॅनोमोलर इन्सुलिन, 4 तास. बर्फगार पीबीएसने (पेशी धुवायचं खारट बफर) दोनदा भराभर धुवा (प्लेट टेबलावर ठेवून फोन घेतलात की ग्लायकोजेन तुटायला लागतं) आणि लगेच 30 टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), सहा-वेल प्लेटमध्ये वेलला 0.3 मिली. 95 अंशांवर 30 मिनिटं. थोडं सोडियम सल्फेट घालून दोन पट इथेनॉल, रात्रभर उणे 20. सेंट्रिफ्यूजनंतर तळाशी बसलेली ग्लायकोजेनची गोळी जवळजवळ पारदर्शक आणि निसरडी असते, द्रव ओढताना पिपेटमध्येच निघून जाते. नळीच्या बाहेर पेनाने खूण करा, टोक उलट्या बाजूला धरा. नंतर पीएच 4.8 च्या असिटेट बफरमध्ये अमायलोग्लुकोसिडेस, हे एन्झाइम ग्लायकोजेनचं ग्लुकोज करतं आणि तेच मोजायचं. प्रत्येक नमुन्याची एन्झाइमविना जोडी ठेवाच, नाहीतर उरलेलं ग्लुकोजच ग्लायकोजेन म्हणून मोजलं जाईल. प्रोटीनसाठी वेगळी वेल.

आणि मे महिन्यात रात्री एसी बंद करू नका. साध्या इनक्युबेटरला आत थंड करता येत नाही. खोली 35 च्या वर गेली की आतलं तापमान 37 वर थांबत नाही. कल्चर रूमजवळ कूलर तर नकोच, त्या ओल्या जाळ्यांतून बुरशी येते.