वाचकांचे प्रश्न : दर उतरवावेत की पगार वाढवावेत?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे वाणसामानाचे दुकान आहे. महिन्याची विक्री साधारण ३० लाख रुपये असून अकरा नोकर होते. गेल्या दिवाळीनंतर हमरस्त्यालगत एका मोठ्या साखळी दुकानाची शाखा उघडली आणि आमची दोन जुनी मुले तिकडे गेली. उरलेल्या नऊ जणांना सरासरी १२,००० रुपये पगार आहे. सगळ्या मालावर तीन टक्के सूट द्यावी, असे मुलाचे म्हणणे आहे. मला पगार वाढवावेत असे वाटते. काय करावे?
— एक दुकानदार

उत्तर : तुमच्याच आकड्यांवरून हिशेब मांडू. ३० लाखांच्या विक्रीवर तीन टक्के सूट म्हणजे महिन्याला ९०,००० रुपये. नऊ जणांना प्रत्येकी २,५०० रुपये वाढवले, तर होतात २२,५०० रुपये, म्हणजे विक्रीच्या पाऊण टक्का. चिरंजीवांची सूट तुमच्या पगारवाढीच्या चौपट महाग आहे, आणि एवढे करूनही तुमचे दर साखळी दुकानाच्या खाली जातीलच असे नाही.

ते का, हे डीमार्टच्या उदाहरणावरून समजते. २००२ साली पवईत पहिले दुकान काढलेल्या या कंपनीने शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेतच दुकाने थाटली, त्यामुळे भाड्याचा बोजा हलका राहिला. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून त्यांच्याकडून खरेदीचा दर पाडून घेतला. आणि विस्ताराची घाई केली नाही, इतकी की मार्च २०१७ अखेरही दुकाने होती अवघी १३१. तिथली स्वस्ताई या खरेदीतून आणि जागेतून येते. तुमच्याकडे यांपैकी काही नसताना केवळ दर उतरवणे म्हणजे पदरमोड.

मात्र पगारवाढ हाही जादूचा उपाय नव्हे. अमेरिकेत वॉलमार्टने २०१५ मध्ये किमान पगार ताशी नऊ डॉलर केला आणि पुढच्या वर्षी दहा डॉलर करण्याचे जाहीर केले. २०१५ च्याच ऑक्टोबरात कंपनीने नफा घटण्याचा अंदाज दिला, तेव्हा तिचा शेअर एका दिवसात सुमारे दहा टक्क्यांनी कोसळला. खर्च पहिल्याच महिन्यात दिसतो, गुण यायला वेळ लागतो. कंपनीने पाऊल मागे घेतले नाही आणि २०१८ मध्ये तो दर अकरा डॉलरवर नेला.

आता हे २२,५०० रुपये आणायचे कुठून? कॉस्टको ही अमेरिकी साखळी आपल्या धंद्यात चांगला पगार देणारी म्हणून ओळखली जाते आणि तिच्या दुकानात जेमतेम चार हजार प्रकारचा माल असतो. थोडे प्रकार आणि भरपूर खप असला की तेवढीच माणसे जास्त विक्री सांभाळतात. तुमच्या मांडणीवर शाम्पूचे किती प्रकार धूळ खात पडले आहेत, ते एकदा मोजा. (ते कंपनीच्या स्कीममध्ये गळ्यात पडलेले असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.) न खपणारा माल कमी केला की अडकलेले भांडवल सुटते आणि मुदत संपून फेकावा लागणारा मालही घटतो.

दुसरी गळती काट्यावर होते. नवखा पोरगा महागड्या तांदळाच्या पोत्यातून माल भरतो आणि बिल स्वस्त तांदळाच्या दराने करतो. किलोमागचा फरक तुमच्या खिशातून जातो आणि तो कोणत्याही वहीत दिसत नाही. जुना नोकर हे चुकत नाहीच, शिवाय ‘वहिनी, मागची तूरडाळ शिजायला वेळ लागला का? मग या वेळी ही न्या,’ असे सांगून गिऱ्हाईक टिकवतो. साखळी दुकानात कितीही स्वस्ताई असली, तरी असे विचारणारे माणूस तिथे क्वचितच भेटते. तुमची स्पर्धा करण्याची जागा हीच आहे.

एक गोष्ट आधी तपासा. दुकानांतील कामगारांसाठी राज्य शासनाने परिमंडळानुसार ठरवलेले किमान वेतन आणि त्यावरचा विशेष भत्ता मिळून होणारी रक्कम तुमच्या १२,००० पेक्षा जास्त भरत असेल, तर तेवढी भरपाई ही पगारवाढ नसून देणे आहे, आणि हा भत्ता सहा महिन्यांनी बदलतो. वरचा हिशेब त्यानंतरच्या वाढीसाठी धरावा.

गेलेल्या दोघांना जादा पगाराचे आमिष दाखवून परत बोलावण्याचा मोह होईल. तसे करायचेच असेल, तर उरलेल्या नऊ जणांचा पगार आधी वाढवा. सोडून गेलेल्याला जास्त मिळते, ही बातमी दुकानभर व्हायला एक दुपारही लागत नाही.