मोटरहोमची लिथियम बॅटरी: 95 हजार, तेही हप्त्याने?

नमस्कार काका,

तुमच्या पत्राचा गोषवारा असा. तुम्ही दोघंही निवृत्त. ट्रॅव्हलर व्हॅनची मोटरहोम करून घेतलीय आणि वर्षाकाठी साधारण 35 रात्री तिच्यात मुक्काम असतो. फ्रिज, पंखे, दिवे चालवणाऱ्या आतल्या दोन जुन्या बॅटऱ्या हल्ली पहाटेपर्यंत टिकत नाहीत. एका फिटरने 150 एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) दोन नव्या ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या, 32 हजारांत सांगितल्या. दुसरा म्हणतो 200 एएचची लिथियम घ्या: बॅटरी 60 हजार, गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर आणि फिटिंग धरून 95 हजार. वर 16 टक्क्यांनी दोन वर्षांचे हप्तेही त्यानेच सुचवले.

हप्त्यांचं आधी निकालात काढू. बँकेत हयात गेलेल्या माणसाला व्याज मी काय सांगणार, पण महिन्याला 4,650 च्या आसपास हप्ता बसतो आणि साडेसोळा हजार नुसते व्याजात जातात. एक ट्युब्युलर आली असती तेवढ्यात.

आता लिथियम 3,000 सायकल (भरून उतरवण्याच्या फेऱ्या) टिकते हे गणित, ज्यावर तुम्ही भुललात. रोज बॅटरी उपसणाऱ्यासाठी ते बरोबर आहे. तुम्हाला मात्र 3,000 सायकल संपवायला 85 वर्षं लागतील! तुमची बॅटरी वयाने जाईल नाहीतर हेळसांडीने, त्यामुळे किमतीला मुक्कामाच्या रात्रींनी भागा. ट्युब्युलरची जोडी उभ्या गाडीत चार वर्षं निघाली असं धरू, म्हणजे 140 रात्री. भंगाराचे आठ हजार वजा केले तर रात्रीला सुमारे 170 रुपये. लिथियम दहा वर्षं धरली तर 350 रात्री, रात्रीला 270. महागच की.

पण मुळात 200 एएच लागते का? तुम्ही दिलेली यादी मी मांडून पाहिली. 45 वॅटचा फ्रिज कॉम्प्रेसर चालू-बंद होत दिवसाला साधारण 430 वॅट-तास खातो, पंखा 240, मोबाइल-लॅपटॉप-दिवे-पंप मिळून 200. हजाराच्या आत. स्वयंपाक गॅसवर आहे, तो तिथेच राहू द्या. 100 एएचच्या लिथियममध्ये 1,280 वॅट-तास असतात, त्यातले हजारेक बिनधास्त वापरता येतात. दुसऱ्या दिवशी दोन-तीन तास गाडी चालली की डीसी-डीसी चार्जर बराचसा खड्डा भरून काढतो. हाच सेट 65 हजारांत बसायला हवा. रात्रीला 185 रुपये, म्हणजे ट्युब्युलरच्या जवळपास.

पैशात एवढाच फरक असेल तर मी लिथियमकडे झुकेन, आणि कारण वेगळं आहे. तुमच्या बॅटऱ्या पलंगाखाली आहेत. पाण्याची ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, घाटात ॲसिड हिंदकळतं, आणि जोडीचं वजन शंभर किलोच्या वर. घरच्या इन्व्हर्टरला ती उत्तम आहे, झोपायच्या खोलीत नको. शिवाय लेड-ॲसिड अर्धवट उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि क्षमता जाते. जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये उभी असते असं तुम्हीच लिहिलंय. आत्ताच्या बॅटऱ्या बहुधा त्यातच गेल्या. लिथियम निम्मी चार्ज ठेवून मेन स्विच काढला की पावसाळाभर तिला हात लावावा लागत नाही.

तरीही ट्युब्युलरच घ्यायची ठरली तर बाहेरच्या बाजूला हवेशीर कप्पा करून घ्या, दर महिन्याला पूर्ण चार्ज करा, डिस्टिल्ड वॉटर बघत जा, आणि बॅटरीला थोडा वेळ आराम दिल्यावर (चार्जिंग आणि वापर दोन्ही बंद) मीटर 12.2 व्होल्टच्या खाली दाखवू लागला तर त्या रात्री फ्रिज बंद.

पैसे कुठून? चार लाखांची एफडी दुखण्याखुपण्यासाठी आहे, तिला हात नको. सीनियर सिटिझन स्कीममध्ये तुमचे 15 लाख 8.2 टक्क्यांनी आहेत, म्हणजे दर तिमाहीला 30,750 रुपये व्याज येतं. घरखर्च पेन्शनमध्ये भागतो असं तुम्ही म्हणता. मग जुलैचं आणि ऑक्टोबरचं व्याज बाजूला ठेवा, 61,500 झाले, 65 हजारांना थोडेच कमी. तसंही पावसात तुम्ही निघत नाही, दिवाळीआधी बॅटरी बसली तरी पुरे.

फिटरकडून दोन गोष्टी लेखी घ्या. वॉरंटीच्या शेवटी किती टक्के क्षमता राहील, हे आकड्यात. आणि बीएमएसमध्ये (बॅटरीला सांभाळणारं आतलं सर्किट) थंडीत चार्जिंग तोडणारा कटऑफ आहे का, कारण पुढच्या वर्षी स्पितीला जायचं म्हणताय, आणि शून्याखाली लिथियम चार्ज केली तर सेल कायमचे खराब होतात. जुना चार्जर लिथियमला चालतो का, तेही विचारा. काही जुन्या चार्जरांचा ट्युब्युलर मोड लिथियमला जास्त व्होल्टेज देतो.

विमा कंपनीलाही कळवा. नंतर बसवलेलं इलेक्ट्रिकल सामान पॉलिसीत आयएमटी 24 या जोडकलमाखाली स्वतंत्र नोंदवावं लागतं, जादा प्रीमियम किमतीच्या 4 टक्के. 65 हजारांवर 2,600 रुपये आणि जीएसटी. ही नोंद नसेल तर अपघातात किंवा आगीत बॅटरीचे पैसे मिळणार नाहीत, त्यामुळे बिल गाडीच्या नंबरासकट बनवून घ्या.