शिंगरू उताणं पडलं, आता मान तिरकी धरतंय

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घेतलेलं अडीच वर्षांचं शिंगरू आहे. परवा खूर कापताना बिथरलं, दोन पायांवर उभं राहिलं आणि उताणं पडलं, डोक्याचा मागचा भाग फरशीवर आपटला. थोडा वेळ निपचित, मग उठलं. नाकातून रक्त आलं, थांबलं. जखम कुठंच नाही, पण मान उजवीकडं तिरकी, उजवा कान लोंबतोय, चालताना झोकांड्या जातात. लोक म्हणतात मुका मार आहे, हळद-तूप पाजा. काय करू?
– एक वाचक, जि. नंदुरबार

उत्तर : दादा, हळद-तूप राहू द्या, नळकांड्यानं तर काहीच पाजू नका. अशा मारात कधीकधी गिळता येत नाही, पाजलेलं थेट फुफ्फुसात जातं.

जखम नाही यावर जाऊ नका. घोडं उताणं पडलं की मानेचे स्नायू मेंदूच्या तळाच्या हाडाला जोराचा हिसका देतात आणि हाड तिथं तुटू शकतं, त्यात कोवळ्या वयात तिथला सांधा पक्का जुळलेला नसतो. नाकातलं रक्त बऱ्याचदा तिथलंच असतं. तिरकी मान, झोकांड्या आणि पडलेला कान, सगळं उजवीकडच्या, तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाकडं आणि चेहऱ्याच्या नसेकडं बोट दाखवतंय. आजच डॉक्टर बोलवा, डोक्याचा एक्स-रे आणि जमलं तर एंडोस्कोपी (नाकातून कॅमेऱ्याची नळी घालून तपासणी) करून घ्या. मेंदूची सूज उतरवायची सलाईन, इंजेक्शनं तेच ठरवतील. फक्त गुंगीचं दिलं की घोडं मान खाली टाकतं, सूज वाढते, तेव्हा दोघांनी डोकं उचलून धरा.

तोवर जाड गवताच्या गादीवर एकटं ठेवा, गळ्यात घट्ट दोर नको, चंदी (दाणा)-पाणी छातीच्या उंचीवर द्या. बुजतंय म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधतात, ती अजिबात नको, आत्ता ते नजरेच्या जोरावरच तोल सांभाळतंय, रात्री पण बारीक दिवा राहू द्या. उजवी पापणी मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडून त्यावर फूल (पांढरा डाग) पडतं, मलम विचारून घ्या.

नजर रोज बघा, दोन्ही डोळ्यांत टॉर्च मारून बाहुली आकसते का ते पाहायचं. डोळ्याची नस ताणली गेली असेल तर डोळा वरून चांगला दिसतो आणि घोडं आंधळं असतं.

झोकांड्या काही आठवड्यांत कमी होऊ शकतात, पण मान थोडी तिरकी राहते काहींची. आणि आत्ता ते कुठल्याही बाजूला कोसळू शकतं, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. झटके आले किंवा परत आडवं पडलं तर रात्र असली तरी डॉक्टरला उठवा.