चुंबकाला न चिकटणारा पत्रा चुंबकी बलाने कसा दाबतात?

प्रश्न : विमानाच्या पातळ ॲल्युमिनिअम पत्र्यातील रिव्हेटची (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांची) भोके विद्युत्‌चुंबकीय बलाने मजबूत करता येतात, असे वाचनात आले. ॲल्युमिनिअम तर चुंबकाला चिकटतच नाही. मग हे कसे घडते? — एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रथम ‘मजबूत’ या शब्दाविषयी. पत्रा एकदाच ओढून तोडायचा झाल्यास या प्रक्रियेने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो धातूच्या थकव्याने, म्हणजे पुनःपुन्हा पडणाऱ्या ताणाने, जाणाऱ्या तड्यांत. ओढल्या जाणाऱ्या रुंद पत्र्यात गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो आणि दर उड्डाणाला विमानाचे अंग फुगते-आकसते, तेव्हा तडा तेथूनच सुरू होतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ज्या बोइंग ७३७ चे छत उडाले, त्याची ८९,६८० उड्डाणे झाली होती आणि एक मिलिमीटरहूनही पातळ पत्र्याच्या जोडावर रिव्हेटच्या ओळीत भोकाभोकाला तडे गेले होते.

भोकाभोवतीचा धातू आधीच दाबाखाली ठेवला, तर उड्डाणातील ताणाला प्रथम तो दाब फेडावा लागतो. जाड पत्र्यासाठी भोकात उभी चीर असलेली धातूची पातळ नळी घालून तीतून जाडसर सळई ओढून काढतात. भोक काही टक्के फुगते आणि सभोवारचा लवचिक धातू फुगलेल्या कडेला आत दाबून धरतो. पातळ पत्रा मात्र सळईच्या ओढीबरोबर वाकतो.

येथे चुंबकी बल उपयोगी पडते, आणि त्यात चिकटण्याचा संबंधच नाही. भोकाच्या दोन्ही अंगांना कॉइल ठेवून कपॅसिटरमधील (विद्युतभार साठवणाऱ्या घटकातील) विद्युतभार एका क्षणिक स्पंदात त्यांत सोडला, की पत्र्यात उलट दिशेचे भोवरा-प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विद्युतप्रवाह, उमटतात आणि कॉइल व पत्रा एकमेकांना दूर लोटतात. पत्रा जागच्या जागी चिमटला जातो. भोकाभोवतीचे कडे जाडीत किंचित दबून बाजूंना पसरू पाहते, पण बाहेरचा धातू त्याला तसे करू देत नाही, आणि स्पंद सरल्यावर हवा तो दाब मागे उरतो.

सांगायला सोपे असले, तरी आकडे दमछाक करणारे आहेत. १० टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकी क्षेत्राचे एकक) क्षेत्राचा दाब जेमतेम ४० मेगापास्कल (दाबाचे एकक) भरतो, आणि २०२४-टी३ या विमानी मिश्रधातूला कायमचे दबवायला सुमारे ३५० लागतात. दाब क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ३० टेस्लाच्या आसपास जावे लागते. त्यातच स्पंद संथ असेल, तर क्षेत्र पत्र्यात मुरते आणि दाब घटतो : सेकंदाला १०,००० आवर्तनांच्या वेगाने बदलणारे क्षेत्र या मिश्रधातूत साधारण सव्वा मिलिमीटर शिरते, म्हणजे एक मिलिमीटरच्या पत्र्याला ते पुरते अडवता येत नाही. १,००,००० आवर्तनांना ही खोली ०.४ मिलिमीटरवर येते.

माझ्या मते खरी अडचण पत्र्याची नसून कॉइलची आहे, कारण जो दाब पत्र्यावर, तोच तिच्यावरही पडतो, आणि तांबे या मिश्रधातूपेक्षा मऊ असते.