मुलीला सरकारी इनडोअर हॉलमध्ये बॅडमिंटनला घालावं का?

तुम्ही विचारलंय की बदली होऊन छत्रपती संभाजीनगरला आलात, मुलगी दहा वर्षांची आहे, तर तिला गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात घालावं की जवळचं खासगी कोर्ट बघावं.

संकुलात घाला. पण पैसे भरण्याआधी एकदा भर दुपारी हॉलमध्ये जाऊन उभे राहा.

आधी वर बघा. मोठ्या स्पर्धांना कोर्टाच्या वर 12 मीटर मोकळी जागा लागते. पत्र्याच्या शेडमधल्या बऱ्याच खासगी कोर्टांवर उंच टोलवलेलं शटल छताच्या लोखंडी कैचीला लागतं, मग मुलं उंच मारायचंच सोडून देतात. ती सवय पुढे मोडत नाही. दिवे डोक्यावर नकोत, कोर्टाच्या दोन्ही बाजूंना हवेत.

मग बूट काढून टाच आपटा. मॅटखाली लाकूड असेल तर जमीन किंचित दबते, आवाज पोकळ येतो. मी लहानपणी एका तालुक्याच्या हॉलमध्ये सहा वर्षं शहाबादी फरशीवर खेळलो. कुणी अडवलं नाही, कुणी सांगितलं नाही. आज जिना उतरताना उजवा गुडघा धरून उतरतो. तुमच्या मुलीच्या वाट्याला हे येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

आपल्याकडचा मे महिना वेगळाच. तापलेल्या हवेत शटल लांब जातं आणि कोरड्या हवेत पिसं पटापट तुटतात. आम्ही उन्हाळ्यात 77 ऐवजी 76 नंबरचं, म्हणजे थोडं हळू जाणारं शटल घेतो आणि आदल्या रात्री शटलचा डबा दोन्ही बाजूंनी उघडून पातेल्याच्या वाफेवर क्षणभर धरतो. पंखा लावला की शटल वाहतं, म्हणून बॅच सकाळचीच घ्या.

मुलींची कपडे बदलायची खोली उघडी असते का, नळाला पाणी असतं का, हे मात्र आईनेच आत जाऊन बघावं.

सरकारी हॉल स्पर्धा असली की बाकीच्यांना बंद होतो. तेव्हा चिडू नका, मुलीला स्पर्धा बघायला न्या. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झाला, तोही इनडोअर, मॅटवर. जिंकलेल्या महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली. मातीत खेळणाऱ्या आपल्या मुलींनाही आता मॅट लागते, आणि ती फुकट किंवा थोडक्या पैशात मिळण्याची जागा म्हणजे हेच हॉल.

महागडी रॅकेट पहिलं वर्षभर घेऊ नका. नॉन-मार्किंग बूट, म्हणजे तळव्याचे डाग न पाडणारे, मात्र पहिल्या दिवशीच घ्या. ते घरून घालून येऊ नका, पिशवीत आणा आणि हॉलच्या दारात बदला. बुटाला चिकटून आलेला एक खडाही मॅट कापतो.