ईश्वराला कारण का नको?

प्रश्न : प्रत्येक गोष्टीला कारण असते, म्हणून जगाचेही कारण असले पाहिजे आणि तेच ईश्वर, असे सांगितले जाते. मग ईश्वराचे कारण कोणते?

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे, मात्र तो या युक्तिवादाच्या ढोबळ रूपालाच लागू पडतो. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझ यांच्या मांडणीत, जी गोष्ट आहे पण नसूही शकली असती, तिच्याच असण्याचे कारण तिच्याबाहेर शोधावे लागते. अशा परावलंबी गोष्टींची साखळी अनादि मानली, तरी मुळात ती साखळी आहेच का, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर स्वरूपतःच अनिवार्य असलेल्या सत्तेपाशी, म्हणजे जिचे नसणे शक्यच नाही अशा अस्तित्वापाशी थांबते, असे ते म्हणतात. अशा सत्तेला बाहेरचे कारण लागत नाही.

स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम यांनी यावर हरकत घेतली की, प्रत्येक कडीचे कारण सांगून झाल्यावर संपूर्ण साखळीचे वेगळे कारण मागणे गैर आहे. मला ही हरकत निर्णायक वाटत नाही. खरी अडचण पुढे आहे : अनिवार्य सत्ता मान्य केली, तरी ती सर्वज्ञ आणि दयाळू असल्याचे, म्हणजे भक्त ज्याला ईश्वर म्हणतो तीच असल्याचे, एवढ्यावरून सिद्ध होत नाही, त्यासाठी स्वतंत्र युक्तिवाद द्यावे लागतात.