प्रतिदीप्त पदार्थाने टीएनटीसारखं स्फोटक कसं ओळखतात?

प्रतिदीप्त म्हणजे अतिनील प्रकाश पडला की स्वतः चमकणारा; त्याची चमक किती मंदावली, यावरून. अशा चमकणाऱ्या पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पदार्थाचा, पातळ थर काचेवर देतात. हवेतले टीएनटीचे रेणू त्यात शिरले की उत्तेजित इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि चमक विझते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ टिमोथी स्वेगर यांच्या गटाने १९९८ मध्ये असे पॉलिमर मांडले. खरी खुबी पॉलिमरच्या लांब साखळीत आहे: ऊर्जा तिच्यावरून फिरते, त्यामुळे टीएनटीचा एकच रेणू बऱ्याच भागाची चमक घालवतो. चमक विझण्याचा प्रकार डोळ्यांनी बघायचाय? क्विनाइन या कडू पदार्थामुळे टॉनिक वॉटर अतिनील दिव्याखाली निळं चमकतं. त्यात चमचाभर मीठ विरघळवा, मिठातल्या क्लोराइडमुळे निळाई फिकी पडते. मात्र पॉलिमरचा थर जुना झाला किंवा दुसरा एखादा पदार्थ आला तरी चमक घटते, म्हणून निकाल वेगळ्या चाचणीने पडताळावाच लागतो.